पानाखाली सुसाट पळणारा तो कोण?

प्रश्न: ताई, मावळात आमचं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, डच गुलाब. लाल कोळ्याने, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या त्या बारीक किडीने, वैताग आणलाय. थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मारलं तर त्यानंतर कोळी अजूनच उसळला, पानांवर पांढरट ठिपके, शेंड्याला जाळं. परवा पोराच्या मोबाईलला लेन्स लावून पान उलटं केलं तर कोळ्यांमधून एक नारिंगी चकचकीत काहीतरी सुसाट पळत होतं. ही नवीन कीड का? कशाने मरेल?
– एक वाचक, मावळ

उत्तर: दादा, आधी पंप खाली ठेवा! तो बहुतेक भक्षक कोळी आहे, तुमच्या कोळ्याला खाणारा कोळी. ओळखायची खूण सोपी, पिकाचा कोळी मठ्ठ, एका जागी बसून रस शोषतो आणि त्याच्या अंगावर दोन काळे डाग दिसतात, भक्षक मात्र नासपतीसारखा, एका टोकाला निमुळता नि सतत पळता. अंडी पण बघा, किडीची गोल, ह्याची लांबट आणि जवळपास दुप्पट मोठी. नेमकी जात कुठली ते मायक्रोस्कोपशिवाय सांगता येत नाही, पण आपल्याकडे निओसियुलस लाँजिस्पिनोसस हा देशी भक्षक आपोआप येतो.

गंमत म्हणजे ह्याला डोळेच नसतात. कोळ्याने पानाचा रस शोषला की झाड एक वेगळा वास सोडतं आणि हा त्या वासावर माग काढत येतो, म्हणजे झाडच ह्याला हाक मारतं म्हणा ना. ह्याचाच एक भाऊबंद, फायटोसियुलस पर्सिमिलिस, १९५८ मध्ये चिलीहून आलेल्या ऑर्किडवर जर्मनीत सापडला आणि मग युरोपभर काचघरांत सोडायला लागले. तो दिवसाला ५ मोठे कोळी किंवा २० अंडी-पिल्लं फस्त करतो.

तुमचा कोळी उसळला तो त्या पायरेथ्रॉइडमुळेच असणार. त्याने शिकारी आधी मरतात आणि कीड मात्र तगते, मग तिला मोकळं रान. थ्रिप्सचं औषध घ्यायचंच तर दुकानदाराला विचारून नको, लेबल वाचून भक्षकाला कमी घातक कुठलं ते बघून घ्या. विकत आणून सोडायचे असतील तर कोळी थोडा असतानाच सोडा, सगळीकडे जाळं झाल्यावर हे बिचारे पुरे पडत नाहीत. आणि फार कोरडी, तापलेली हवा कोळ्याला मानवते, ह्यांना नाही, तेव्हा दुपारी फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार सोडणारं यंत्र) चालू ठेवा.

उघड्यावर काम अवघड असतं. ऑस्ट्रेलियात कुरणातल्या लाल पायांच्या कोळ्यासाठी १९६५ मध्ये फ्रान्सहून एक भक्षक कोळी नेला, पण तो पायीच पसरतो, त्यामुळे फार हळू. तुमचं तर बंद घर आहे, तुम्हाला सोपं.

जाळं धरलेली पानं काढून जाळाल, तर आधी उलटी करून बघा, हे तिथेच जेवत असतात. आणि ठिपके पडलेली जुनी पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून घाबरू नका, नवीन फूट स्वच्छ येतेय का तेवढं बघा.