नाग, घोणस आणि धामण : कोण कोणाच्या जवळचे?

वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की कोल्हापूर परिसरातील वाचकांकडून सापांविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांपैकी सापांच्या परस्परांतील नात्याविषयी आणि वर्गीकरणाविषयी असलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमचे शेत पंचगंगेच्या काठी आहे. उसाच्या फडात नाग, घोणस आणि धामण हे तिन्ही साप दिसतात. धामण ही नागाची मादी असते, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. माझ्या मुलाच्या मते नाग आणि घोणस विषारी असल्यामुळे एका गटातील आहेत आणि धामण बिनविषारी असल्यामुळे त्यांच्याहून अगदी वेगळी आहे. यांतील खरे काय?
— एक ऊस उत्पादक शेतकरी, करवीर तालुका

उत्तर : धामण ही नागाची मादी नव्हे. नागांमध्ये नर आणि मादी असतात, तसेच ते धामणींमध्येही असतात, आणि या दोन जातींमध्ये मीलन होत नाही. दोन लांब साप एकमेकांना पीळ घालून जमिनीपासून वर उठताना दिसले की लोक त्याला जुळण म्हणतात. धामणींच्या बाबतीत ती बहुधा दोन नरांमधील झुंज असते.

आपल्या मुलाचे म्हणणे तर्काला धरून वाटते आणि बहुतेक सुशिक्षित माणसेही तसेच मानतात, पण तेही बरोबर नाही. सापांच्या वंशवृक्षात अजगर आणि मांडूळ यांच्या फांद्या फार पूर्वी वेगळ्या झाल्या. त्यानंतर घोणस, फुरसे आणि चापडे यांच्या पूर्वजांची, म्हणजे व्हायपर कुळाची, फांदी फुटली. नाग आणि धामण यांचे पूर्वज त्या वेळी अजून एकच होते. त्यांचे मार्ग पुढे पुष्कळ काळाने वेगळे झाले. त्यामुळे भावकीच्या हिशेबाने नागाला धामण जवळची आहे आणि घोणस दूरची. विषारी साप असे एखादे कुळ निसर्गात नाही. विषारीपणा हा गुण आहे, आणि तो पाहून नाते ठरवता येत नाही.

नागाच्या कुळाला एलापिडी म्हणतात. मण्यार, पोवळा, नागराज, आफ्रिकेतील माम्बा आणि ऑस्ट्रेलियातील तायपान हे सर्व त्यात येतात. कोकण किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात सापडणारे समुद्रसर्पही याच कुळातील असून त्यांचे पूर्वज ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे जमिनीवर राहणारे साप होते. धामण, तस्कर, कवड्या, हरणटोळ आणि मांजऱ्या हे कोलुब्रिडी कुळातील साप आहेत. जगात सापांच्या सुमारे चार हजार जाती आहेत. त्यांत नागाच्या आणि घोणशीच्या कुळांत प्रत्येकी साडेतीनशेहून अधिक जाती मोडतात.

हे नाते कशावरून ठरले, असा पुढचा प्रश्न आपल्या मनात येईल. डोक्यावरील खवले पाहिले तरी काही अंदाज येतो. नाग आणि धामण या दोघांच्याही डोक्यावर मोठ्या, ठरावीक मांडणीच्या ढालींसारखे खवले असतात, तर घोणशीच्या त्रिकोणी डोक्यावर बारीक खवल्यांची दाटी असते. नाग आणि धामण यांच्यातील एक बारीक फरक नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये सापडतो : धामणीला तेथे वेगळे खवले असतात, नागाच्या कुळात ते नसतात. मात्र निर्णायक पुरावा डीएनएचा आहे. अनेक जनुकांची तुलना करून उभ्या केलेल्या वंशवृक्षांत घोणशीची फांदी नाग आणि धामण यांच्या आधी वेगळी झालेली दिसते.

विषदंतांची रचनाही हेच सुचवते. नागाचे विषदंत आखूड आणि जबड्याच्या पुढच्या भागात स्थिर असतात. घोणशीचे विषदंत लांब असतात. तोंड मिटलेले असताना ते टाळूशी आडवे पडलेले असतात आणि दंशाच्या वेळी जबड्याच्या हाडासह फिरून उभे होतात. दोन्ही दंत पोकळ आहेत आणि दोन्ही पुढे आहेत, म्हणून ते एकाच मूळ रचनेचे वारस असावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि पुढचे विषदंत या दोन कुळांत स्वतंत्रपणे तयार झाले, असे आज मानले जाते. २००८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात सापांच्या भ्रूणांवरील एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे विषदंत असलेल्या सापांमध्येही ते दंत भ्रूणावस्थेत जबड्याच्या मागच्या भागात उगवतात आणि जबडा वाढत जाताना पुढे सरकतात, असे त्यात दिसून आले. मांजऱ्या आणि हरणटोळ या निमविषारी सापांचे खाच असलेले दात तर प्रौढपणीही मागेच राहतात. म्हणजे कच्चा माल सर्वांकडे सारखा होता. दोन वंशांनी त्यातून वेगवेगळ्या काळी पुढचा विषदंत घडवला. मला स्वतःला सापांच्या अभ्यासातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

प्रश्न : डुरक्या घोणस ही घोणशीचीच लहान जात आहे का? आमच्या वाडीत ती दिसली की लगेच मारली जाते.
— एक वाचक, पन्हाळा

उत्तर : नाही. डुरक्या घोणस ही मांडुळाची नातेवाईक असून ती पूर्णपणे बिनविषारी आहे. जाड अंग, आखूड शेपूट आणि पाठीवरील गडद डाग यांमुळे ती घोणशीसारखी दिसते. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या, कडा ठळक असलेल्या गोलाकार ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डुरक्या घोणशीच्या पाठीवरील डाग वेडेवाकडे आणि एकमेकांत मिसळलेले असतात. दोघी पिले घालतात, पण तोही नात्याचा पुरावा नाही, कारण नागाच्या कुळातील बहुतेक समुद्रसर्प पिले घालतात आणि नाग स्वतः अंडी घालतो. डुरक्या घोणशीला मारू नये, आणि ओळखीची खात्री करण्यासाठी हातातही घेऊ नये.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. जुन्या पुस्तकांतील सापांची शास्त्रीय नावे आणि आजची नावे जुळत नाहीत. वर्गीकरण इतके अस्थिर असेल, तर विद्यार्थ्यांनी त्यावर विश्वास कसा ठेवावा?
— एक शिक्षिका, आजरा

उत्तर : नाव बदलते तेव्हा बहुधा नात्याविषयीचे आपले ज्ञान वाढलेले असते, असे विद्यार्थ्यांना सांगावे. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने नागाला ‘कोलुबर’ या प्रजातीत ठेवले होते, आणि १७९७ साली घोणशीचे नामकरण झाले तेव्हा तिचीही प्रजाती ‘कोलुबर’च होती. दिसेल तो साप त्या एकाच पेटीत टाकला जात होता. आज नाग ‘नाजा’ या प्रजातीत आहे आणि घोणस ‘डाबोइया’ या प्रजातीत. घोणशीच्या नावातील ‘रसेली’ हा शब्द मात्र कायम आहे. तो भारतीय सापांचा अभ्यास करणारे स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल यांच्यावरून आला.

आपल्या भागातील उदाहरणे द्यावीत. आंबोली, राधानगरी, दाजीपूर या पट्ट्यात पावसाळ्यात दिसणारा मलबारी चापडा पूर्वी ‘ट्रायमेरेसुरस’ या प्रजातीत होता. २०२१ साली जनुकांच्या आधारे त्याला आणि त्याच्या निकटच्या जातींना ‘क्रॅस्पेडोसेफॅलस’ या वेगळ्या प्रजातीत नेण्यात आले, कारण पूर्व आणि आग्नेय आशियातील अनेक हिरव्या चापड्यांशी त्यांचे नाते वाटले होते तितके जवळचे नव्हते. हिरवा हरणटोळ भारतभर एकाच जातीचा समजला जाई. २०२० साली त्यातून पश्चिम घाटातील अनेक जाती वेगळ्या ओळखल्या गेल्या. नागराजाच्या बाबतीत तर २०२४ साली एका जातीच्या चार जाती झाल्या आणि पश्चिम घाटातील नागराजाला ‘ओफिओफॅगस कालिंगा’ हे नाव मिळाले. नागराज फणा काढतो, तरी तो ‘नाजा’ या प्रजातीत नाही, हेही मुलांना येथे सांगता येईल.

प्रश्न : मी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. साप इतक्या प्रकारचे असताना सर्वांना एकच प्रतिसर्पविष कसे चालते? आणि वर्गीकरणाचा रुग्णाला काही उपयोग होतो का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : ते सर्व सापांना चालत नाही, हेच प्रथम लक्षात घ्यावे. भारतात वापरले जाणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून तयार होते. ही विषे थोड्या थोड्या प्रमाणात घोड्यांना टोचली जातात आणि घोड्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये शुद्ध करून घेतली जातात. चारपैकी दोन साप नागाच्या कुळातील आहेत आणि दोन घोणशीच्या.

कुळ आणि विष यांचा संबंध येथे उपयोगी पडतो. नाग आणि मण्यार यांच्या विषाचा मुख्य आघात मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर होतो : पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. पण एकाच कुळातही फरक असतो. नागाचे विष स्नायूच्या बाजूला संदेश अडवते, तर मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकांनाच इजा करते. त्यामुळे निओस्टिग्मिन हे औषध नागदंशात उपयोगी ठरते, मण्यारीच्या दंशात त्याचा फारसा लाभ होत नाही आणि रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर अधिक काळ ठेवावे लागू शकते. घोणस आणि फुरसे रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतात. घोणशीचे विष गोठणसाखळीतील दहावा आणि पाचवा घटक उद्दीपित करते, फुरशाचे विष थेट प्रोथ्रॉम्बिन या गोठणद्रव्यावर काम करते; दोन्हींचा शेवट मात्र गोठणद्रव्ये संपून रक्त न गोठण्यात होतो. म्हणून काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त २० मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते का, हे पाहण्याची साधी चाचणी आपल्याला शिकवली जाते.

चापडे घोणशीच्याच कुळातील आहेत, पण डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारी खाच असलेल्या वेगळ्या उपकुळातील. त्यांचे विष या चारांत समाविष्ट नसल्यामुळे हे प्रतिसर्पविष त्यांच्यावर भरवशाने लागू पडत नाही. केरळात नाकाड्या चापड्याच्या दंशानंतर मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. आपल्याकडे आंबा घाटातून किंवा चंदगडच्या बाजूने आलेला दंशाचा रुग्ण असेल, तर चापड्याची शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी.

मात्र सापाची ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांनी वेळ घालवू नये. साप शोधणे, मारणे किंवा पकडून आणणे यांत दुसऱ्यालाही दंश होण्याचा धोका असतो. दंश झालेला अवयव हलू न देता, जखम न कापता, घट्ट आवळपट्टी न बांधता रुग्णाला लगेच रुग्णालयात आणावे. मण्यारीच्या दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही आणि वेदनाही फारशी नसते; जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागले आणि पापण्या उघडेनाशा झाल्या, तर साप कोणी पाहिला नसला तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करू शकतात.