कराडहून बायोमेकॅनिक्सच्या संशोधनाकडे कसे वळावे?

तुम्ही विचारले आहे की, कराडला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आणि कॉलेजात या विषयाची प्रयोगशाळा नसताना बायोमेकॅनिक्स किंवा मेकॅनोबायोलॉजीच्या संशोधनाकडे वळता येईल का, आणि त्यासाठी आधी एम.टेक. करावे की थेट परदेशी जावे. मी सांगलीत मेकॅनिकल शिकून पुढे हाडांच्या यांत्रिकीवर पीएच.डी. केली आणि आता हाच विषय शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वळता नक्की येते. मात्र संस्थांची यादी करण्याआधी बायोमेकॅनिक्स आणि मेकॅनोबायोलॉजी यांपैकी नेमके काय करायचे आहे ते ठरवा, कारण दोन्ही नावे एका दमात घेतली जात असली तरी त्यांची तयारी वेगवेगळी आहे.

चालताना गुडघ्यावर किती भार येतो, कृत्रिम खुबा मांडीच्या हाडात सैल का होतो, असे प्रश्न बायोमेकॅनिक्सचे. तिथे तुमचे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि फायनाइट एलिमेंट (वस्तूचे लहान तुकडे कल्पून संगणकावर ताण काढण्याची पद्धत) आजच उपयोगी पडतात. तोच भार जिवंत पेशीला कळतो कसा आणि कळल्यावर ती काय करते, हा मेकॅनोबायोलॉजीचा प्रश्न. हाड आपल्यावरील भारानुसार रचना बदलते, हे युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. पण पेशीच्या पातळीवरचा उलगडा अलीकडचा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच प्रकारच्या मूलपेशी कमीअधिक कडक जेलवर वाढवल्या, तेव्हा मेंदूइतक्या मऊ थरावर त्या चेतापेशींसारख्या, ८ ते १७ किलोपास्कल (कडकपणा मोजण्याचे एकक) कडकपणाच्या थरावर स्नायूसारख्या आणि २५ ते ४० किलोपास्कलच्या थरावर हाडाच्या पेशींसारख्या होऊ लागल्या. पेशीच्या आवरणातील, दाब जाणवून दारासारखी उघडणारी पिएझो ही प्रथिने २०१० मध्ये सापडली आणि त्यासाठी आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. हे वाचून मन ओढले जात असेल, तर पेशीसंवर्धन आणि मायक्रोस्कोपी शिकण्यासाठी निदान एक वर्ष वेगळे काढण्याची तयारी ठेवा.

प्रयोगशाळा नाही याची खंत मलाही होती. शेवटच्या वर्षी मी मटणाच्या दुकानातून बोकडाच्या मांडीची हाडे आणली आणि कॉलेजातील ४० टनांच्या यूटीएमवर (ताणून, दाबून किंवा वाकवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तीन बिंदूंच्या वाकवण चाचणीसाठी ठेवली. ते यंत्र सळया तोडण्यासाठी घेतलेले, त्यामुळे हाड मोडले तरी भाराचा काटा जेमतेम हलला. पुढे एका मित्राच्या कारखान्यातील लहान यंत्र मिळाले, पण रात्रभर उघड्यावर राहिलेली हाडे सुकली होती आणि ती खडूसारखी फटकन तुटली. ओल्या हाडाचे तसे होत नाही. ते आधी थोडे वाकते, मग तडा जातो. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून डीप फ्रीजमध्ये ठेवायचे आणि चाचणी होईपर्यंत ओले राखायचे, हे मी तेव्हा शिकलो. आखूड हाडात वाकण्याबरोबर कातर विकृतीही (थर एकमेकांवर सरकल्याने होणारा आकारबदल) मोठी असते, त्यामुळे साध्या बीमच्या सूत्राने काढलेली कडकपणाची किंमत खऱ्यापेक्षा कमी येते, हेही त्याच चाचणीने शिकवले. पीएच.डी.च्या मुलाखतीत माझ्या गुणांपेक्षा या चुकांवरच अधिक वेळ बोलणे झाले.

आपल्या भागाची जमेची बाजू म्हणजे रुग्णालये हाताशी आहेत. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तुमच्या कराडमधील कृष्णा विश्व विद्यापीठ इथल्या अस्थिरोग किंवा फिजिओथेरपी विभागातील डॉक्टरांना जाऊन भेटा आणि त्यांना रोज अडणारा एखादा प्रश्न विचारून घ्या. ऊसतोड कामगार डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, तेव्हा त्यांच्या मानेवर आणि कमरेवर काय भार येतो, हा प्रश्न तर आपल्या शिवारातच उभा आहे. माणसांवर मोजमाप करायचे असल्यास आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि त्या माणसाची संमती घ्यावीच लागते. ओपनसिम (शरीराच्या हालचालींच्या गणितासाठी) आणि फेबायो (ऊतींच्या फायनाइट एलिमेंट गणितासाठी) ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. एक निवडून पक्के शिका.

आता मार्ग. गेटमध्ये (एम.टेक. प्रवेशासाठीच्या देशपातळीवरील परीक्षेत) २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगची स्वतंत्र परीक्षा आहे, पण तुम्ही मेकॅनिकलचीच द्यावी असे माझे मत आहे, कारण तिने इतर दारेही उघडी राहतात. आयआयटी मुंबई, आयआयटी मद्रास, बंगळुरूची आयआयएससी आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था इथे या विषयाचे काम चालते. एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, तर पीएच.डी.च्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपची रक्कम २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. गेट हुकली तर याच संस्थांच्या संकेतस्थळांवर निघणाऱ्या प्रोजेक्ट असिस्टंटच्या जाहिराती पाहत राहा; प्रयोगशाळेतले एक वर्ष पुढच्या अर्जाला मोठे बळ देते.

परदेशाबाबत, अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो, युरोपात बहुधा आधी मास्टर्स मागतात. सिंगापूरची मेकॅनोबायोलॉजी इन्स्टिट्यूट २००९ पासून याच विषयाला वाहिलेली आहे. कर्ज काढून मास्टर्सला जाण्याची घाई मात्र करू नका.

प्राध्यापकांना लिहिताना शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका. त्यांचे दोन शोधनिबंध नीट वाचा, त्यातील एका आलेखाविषयी तुम्हाला खरोखर पडलेला प्रश्न विचारा आणि स्वतःच्या चाचणीचा एक आलेख जोडा. तो आलेख काढलात की आधी मला दाखवा. मी बारकाईने पाहीन.