डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, पुण्यातल्या मुलाखतींत सगळीकडे ‘कळवतो’ म्हणतात. इंग्रजी संभाषणाचा क्लास लावू का?

तुम्ही सोलापूरचे, डिप्लोमा होऊन वर्ष झालं, चाकण-रांजणगावला सहा मुलाखती देऊन हात हलवत परत आलात आणि आता पंधरा हजारांचा क्लास लावावा का असं विचारताय. नका लावू. त्या पैशात एक बरा व्हर्नियर (सरकत्या पट्टीचं मोजायचं साधन) आणि 0 ते 25 मिमीचा मायक्रोमीटर (त्याहून बारीक मोजणारा) घ्या, उरलेले खिशात ठेवा.

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, उत्पादन विभागाच्या वतीनं. प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण एचआरवाल्यांशी माझा हाच वाद जुना आहे. मुलगा बाहेर पडला की ते शेऱ्याच्या रकान्यात ‘कम्युनिकेशन वीक’ असं लिहून मोकळे होतात. तोच शेरा फिरत फिरत मुलांच्या कानावर जातो आणि मुलं धावतात क्लासला. खरं कारण त्या रकान्यात कधीच येत नाही.

खरं कारण बघा. टेबलावर लेथवर टर्निंग केलेली एक पिन ठेवलेली असते, शेजारी व्हर्नियर. ड्रॉइंगवर व्यास 24.30 ± 0.05 मिमी. मुलगा व्हर्नियर उचलतो. जबडे मिटवून शून्य जुळतंय का हे न बघताच मोजायला लागला, तर निम्मे गुण तिथंच गेले. मुख्य पट्टीवर 24, व्हर्नियरची सतरावी रेघ जुळते, लीस्ट काउंट (साधनाला मोजता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02, म्हणजे 24.34. इथवर बरेच जण येतात, लीस्ट काउंटची व्याख्या तर इंग्रजीत घडाघडा म्हणतात. मग मी विचारतो, पास की रिजेक्ट? पास, म्हणतात. बरोबर आहे, वरची मर्यादा 24.35 आहे. आणि गप्प बसतात.

मला हवं असतं ते याच्या पुढचं. पिन पास आहे, पण काठावर आहे. बाहेरचा व्यास आहे, इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, घासत जाईल तसा तो वाढत जाणार. म्हणजे पुढच्या चार-पाच पिना लगेच मोजायच्या. माप चढत असेल तर इन्सर्टची कड बघायची, ती चांगली असेल तर वेअर ऑफसेटमध्ये (पातं घासल्याची भरपाई करायची सीएनसी मशीनमधली नोंद) व्यासाला 0.04 कमी करून माप मधे आणायचं, आणि पुढची पिन मोजून मगच मशीन चालू ठेवायची. त्याहून हुशार पोरगा म्हणेल, साहेब, हा व्हर्नियरच इथं चुकीचा आहे. एकूण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 0.10, मोजायचं साधन त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं बारीक हवं, म्हणजे 0.01. मायक्रोमीटर द्या. हे वाक्य शुद्ध सोलापुरी मराठीत आलं तरी मी त्या पोराला सोडत नाही.

एक मुलगा आला होता, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. बायोडेटा क्लासमध्ये बनवलेला, वर ‘डायनॅमिक ऑर्गनायझेशन’मध्ये काम करण्याची इच्छा वगैरे. प्रोजेक्टचं नाव मोठं, पण मोटर किती एचपीची घेतली आणि का, विचारलं तर छताकडे बघायला लागला. प्रोजेक्ट विकत आणलेला, उघडच होतं. उठता उठता सहज विचारलं, घरी काय असतं? म्हणाला, माग आहेत. मग दहा मिनिटं तो बोलत होता. माग अचानक धाडकन थांबतो, कारण धोटा (आडवा धागा नेणारा) समोरच्या पेटीत पूर्ण पोचत नाही. का पोचत नाही? पिकर, म्हणजे धोट्याला मारा देणारा तुकडा, घासलेला असतो, नाहीतर पट्टा सैल पडलेला. नुसता पट्टा आवळला तर तासाभरानं तेच, म्हणून आधी पिकर बघायचा. ताण्याचे (उभे) धागे एकाच जागी तुटायला लागले तर बीमला (ताणा गुंडाळलेल्या रुळाला) दोष न देता फणीची घरं (धागे ओवायच्या फटी) तपासायची. ब्रेकडाउनचं मूळ शोधायला कारखान्यात ‘फाइव्ह व्हाय’चा (पुन्हा पुन्हा ‘का?’ विचारत मुळाशी जायचा) तक्ता भरतात, हा पोरगा तेच तोंडी करत होता. आणि बायोडेटात यातलं अक्षर नव्हतं! क्लासवाल्यानं सांगितलेलं, घरचा धंदा लिहू नको, कमीपणा दिसतो. भाषांच्या ओळीतही मराठी, हिंदी, इंग्रजी. घरात तेलुगू आणि गल्लीत कन्नड बोलणारा मुलगा या दोन्ही भाषा गाळतो. कारखान्यात शॉपवर निम्मे ऑपरेटर बाहेरून आलेले असतात, तिथं सुपरवायझरला चौथी-पाचवी भाषा येणं ही केवढी सोय आहे!

तर तयारी म्हणजे हे. बायोडेटा एक पान, आणि त्यातली प्रत्येक ओळ तीन प्रश्न झेलेल अशी: कुठली मशीन, किती माप, काय बिघडलं. न झेलणारी ओळ काढून टाका. ‘स्वतःबद्दल सांगा’ला दीड मिनिटाच्या वर जाऊ नका, नाव-गाव-टक्के दोन वाक्यांत उरका आणि हातानं केलेल्या एका कामावर या. मुलाखत घेणारा पुढचा प्रश्न तिथूनच काढतो, म्हणजे पेपर तुम्हीच सेट केला. इंग्रजीत अडकलात तर ‘सर, हे मराठीत सांगू का?’ असं सरळ विचारा. तांत्रिक फेरीत बहुतेक जण हो म्हणतात.

आता सहा नकारांचं. एक वही करा आणि प्रत्येक कंपनीपुढं फक्त लिहा, कुठल्या टप्प्यावर गाडी थांबली. फोनच येत नसेल तर दोष बायोडेटात. तांत्रिक फेरीत थांबत असेल तर वरचं सगळं. तांत्रिक पार करून पगाराच्या बोलण्यात थांबत असेल तर तो वेगळाच आजार आहे, त्याला व्हर्नियरचा उपयोग नाही. आणि अडलेला प्रश्न त्याच दिवशी, गाडीतच लिहून काढा. आठवड्यात उत्तर नाही आलं तर दोन ओळींचा मेल टाका, त्यात अडलेल्या त्या प्रश्नाचं बरोबर उत्तरही द्या. फार कमी जण हे करतात, म्हणून लक्षात राहतं.

गाडीवरून आठवलं. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालात तर पुणे स्टेशनातच साडेदहाच्या आसपास होतात, तिथून चाकण आणखी तीसेक किलोमीटर. रात्रीच्या सिद्धेश्वरनं गेलात तर भल्या पहाटे फलाटावर, आणि मुलाखतीत डोळे चोळताय. दुपारी दोननंतरची वेळ मागून घ्या, गाव सांगितलं की देतात. नाहीतर आदल्या दिवशी जाऊन कुणाच्या तरी खोलीवर टेका.

पगार ऐकताना ‘सीटीसी’ (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यात गल्लत करू नका. समजा दरमहा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) 18,000, त्यात बेसिक 12,000. पीएफ 12 टक्के म्हणजे 1,440 कापले जातील, ईएसआय (कामगार विमा) 0.75 टक्के म्हणजे 135, व्यवसाय कर 200. हातात 16,225. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो. कंपनीचा पीएफ, कंपनीचा ईएसआय, ग्रॅच्युइटी हे सगळं मिळवून कागदावर मात्र वीस हजारांच्या वर आकडा दाखवतात. शिवाय पेरोल कुणाचा, कंपनीचा की ठेकेदाराचा, हे सही करायच्या आधी विचारा. शिकाऊ उमेदवार म्हणून घेत असतील तर खुशाल जा, हात बसतो, पण मुदत संपल्यावर कायम करायलाच हवं अशी सक्ती कायद्यात नाही.

वर्षाची गॅप झाकायला खोटं अनुभवपत्र आणू नका. यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्ट्रीत आधीच्या कंपन्या दिसतात, तिथं नाव नसलं की पहिला संशय तिथंच येतो. त्यापेक्षा वर्षभर घरच्या किंवा ओळखीच्या वर्कशॉपात काम केलं हे सांगितलेलं परवडतं, अर्थात केलं असेल तर.

हे सगळं शॉपफ्लोअरच्या नोकऱ्यांचं. आयटी, सेल्स, कॉल सेंटर, परदेशी ग्राहकांशी बोलायचं काम असेल तर इंग्रजी लागतं, तिथं माझं ऐकू नका. डिझाइनला इंग्रजी वाचता आलं पाहिजे, ड्रॉइंगवरच्या नोट्स त्यातच असतात. आमचे एचआरवाले हे वाचत असतील तर त्यांनी एवढंच करावं: पुढच्या वेळी शेऱ्याच्या रकान्यात मुलाला कुठला प्रश्न आला नाही तो लिहावा.

आणि ‘सिलेक्शन झालंय, गणवेश आणि ट्रेनिंगचे अडीच हजार भरा’ असं कुठल्याही कन्सल्टन्सीनं सांगितलं, तर पावतीची वाट न बघता उठून या.