बारीक आवाजासाठी ॲम्प्लिफायर

प्रश्न : आमचे घर दोन खोल्यांचे आहे आणि नातू रात्री नऊला झोपतो. त्यानंतर मी तासभर सीडीवर शास्त्रीय संगीत ऐकतो, अर्थातच अगदी बारीक आवाजात. नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा असून पंचवीस-तीस हजारांपुढे जाण्याची इच्छा नाही. स्पीकर लहान, ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे आहेत. दुकानदार शंभर वॉटचाच घ्या म्हणतात. आपले मत काय? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वॉटची काळजी आपण सोडून दिलीत तरी चालेल. आपल्या स्पीकरला एक वॉट मिळाला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज येतो. तो २० डेसिबलने उतरवला तर वॉटचा शंभरावा हिस्सा पुरतो, आणि उरलेले ६७ डेसिबल म्हणजे साध्या बोलण्याहून थोडा चढाच आवाज. नातू झोपल्यावर आपण त्याहूनही खाली ऐकत असणार. तेव्हा शंभर वॉट असले म्हणून बिघडत नाही, पण त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पैसे मोजायचे ते आवाजाच्या बटणासाठी. सीडी प्लेअरमधून साधारण दोन व्होल्टचा सिग्नल येतो आणि बहुतेक ॲम्प्लिफायर त्याच्या अंशभर सिग्नलवरच पूर्ण ताकदीने वाजू लागतात. त्यामुळे रात्री बटण जेमतेम घड्याळातल्या आठाच्या जागेपर्यंत जाते, आणि स्वस्त पोटेन्शिओमीटरचे (बटणामागच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचे) डाव्या-उजव्या बाजूचे दोन पट्टे नेमके याच टप्प्यात एकमेकांशी जुळत नाहीत; डावी बाजू आधी बोलू लागते, उजवी मागून येते, आणि मधोमध असायला हवा तो गायक एका कोपऱ्यात जाऊन बसतो. दुकानात हे तपासणे सोपे आहे. अब्दुल करीम खाँ यांचे एखादे जुने, मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण लावावे, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसावे आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत हळूहळू उतरवत न्यावा. स्वर शेवटपर्यंत मधून हलला नाही, तर ॲम्प्लिफायर आपल्या कामाचा. ज्यात आवाजाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, ठरावीक पायऱ्यांनी होते, ते या परीक्षेत सहसा पास होतात. त्यानंतर गाणे बंद करून ट्वीटरला, म्हणजे स्पीकरमधल्या बारीक स्वरांच्या छोट्या भोंग्याला, कान लावावा. तिथली सुरसुर हातभर अंतरावरूनही ऐकू येत असेल, तर रात्रीच्या शांततेत ती आपला पिच्छा सोडणार नाही.

दुसरी अडचण यंत्राची नसून कानाची आहे. आवाज जसजसा उतरतो तसतसा खर्ज मधल्या स्वरांपेक्षा अधिक वेगाने नाहीसा होतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेखच मांडले होते. बारीक आवाजात तबल्याची चाट स्पष्ट कानावर पडते आणि डग्ग्याचा घुमारा मात्र हरवतो, तो यामुळे. म्हणून ‘लाउडनेस’ची, म्हणजे बारीक आवाजात खर्ज उचलून धरण्याची, सोय असलेला ॲम्प्लिफायर निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. शौकीन मंडळी या बटणाला नाके मुरडतात, कारण मोठ्या आवाजात ते चालू राहिले तर खर्ज बेसुमार फुगतो. रात्रीच्या ऐकण्याला तो आक्षेप लागू नाही. यामाहाच्या ए-एस ३०१ मध्ये लाउडनेसचे स्वतंत्र फिरते बटण आहे. नेहमीच्या बटणाने आपल्याला लागणारा सर्वांत मोठा आवाज एकदा ठरवायचा आणि तिथून लाउडनेसच्या बटणाने खाली यायचे, म्हणजे मधले स्वर उतरतात आणि खर्ज टिकून राहतो. नवा परवडला नाही तर सुस्थितीतला वापरलेला घेण्यास हरकत नाही. वर्ग-डी (कमी वीज खाणाऱ्या) चिपवर चालणारे छोटे चिनी ॲम्प्लिफायर बरेच स्वस्त आहेत आणि त्यांतले काही खरोखर चांगले वाजतात, मात्र निदान खर्ज-टीपेची बटणे असलेलाच घ्यावा.

एक फुकटचा उपाय : खुर्ची स्पीकरांच्या जवळ ओढावी, आणि थंडीत तरी पंखा बंद ठेवावा. पाचवर फिरणारा पंखा तानपुरा गिळून टाकतो.

प्रश्न : वडिलांचा जुना ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात उत्तम वाजतो, पण आवाज लहान केला की उजवा स्पीकर बंद पडतो. तो मोडीत काढावा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : इतक्यात नको. वीजजोडणी काढून आवाजाच्या बटणामागच्या पोटेन्शिओमीटरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा थोडा फवारा मारावा आणि ते वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवावे. धूळ आणि गंज हेच कारण असेल तर एवढ्याने भागते. तरीही फरक राहिला, तर पट्टे झिजले आहेत किंवा मुळातच जुळत नाहीत. अशा वेळी प्लेअर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये प्रत्येक बाजूला ६.८ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि त्याच्या ॲम्प्लिफायरकडील टोकापासून ग्राउंडला ३.३ किलोओहमचा जोडावा. सिग्नल सुमारे १० डेसिबलने उतरतो, बटण आपोआप दहा-अकराच्या जागी येते आणि तिथे पट्टे बहुधा जुळलेले असतात. चारही रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे घ्यावेत. तापकीर गल्लीत ते काही रुपयांत मिळतील.