हॉट म्हणजे ऊन की तिखट?

भाच्याची रंकाळ्याजवळ छोटी खानावळ आहे. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीत अधूनमधून परदेशी पाहुणेही असतात, म्हणून त्यानं पाटीवर पदार्थांची नावं इंग्रजीतही रंगवून घेतली. तांबड्या रश्शापुढं 'हॉट' आणि पांढऱ्यापुढं 'नॉट हॉट'. परवा एका गोऱ्या बाईंनी ते वाचलं आणि पांढरा जरा गरम करून मिळेल का, असं विचारलं. हा वाफाळती वाटी हातात धरून तसाच उभा. रात्री मला फोन: "मामा, हॉट म्हणजे तिखटच की! मग स्पायसी म्हणजे काय? आणि पाटीवर लिहू तरी काय, सांगा की."

बाईंचं चुकलं नव्हतं आणि भाच्याचंही फारसं नाही. 'हॉट' हा ऊन पदार्थालाही लागतो आणि तिखटालाही. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांची यात गफलत होते, आणि मग ते एकमेकांना विचारतात, की चवीला हॉट म्हणतोयस का तापमानाला? आपल्याला असं कधी विचारावं लागत नाही. चहानं तोंड पोळतं, ठेच्यानं जिभेची आग होते. दोन्हीला आपण वेगळी क्रियापदं ठेवली आहेत.

पण बघा, तिखटाच्या बाबतीत 'आग'च म्हणालो आपण. 'तिखट' हा शब्द 'तीक्ष्ण'च्या घराण्यातला, म्हणजे मूळ कल्पना धारेची. बारीक आवाज टिपणारे कान तिखट असतात ते त्यामुळंच. इंग्रजीनं धार सोडून विस्तव धरला, आणि शरीरशास्त्राचा कौल इंग्रजीच्या बाजूनं पडतो. मिरचीतलं कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (म्हणजे संवेदना टिपणाऱ्या 'रिसेप्टर'ला) जाऊन चिकटतं, तो ग्राहक एरवी साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उष्णता गेली की जागा होतो. मेंदूकडं निरोप जातो तो भाजल्याचाच. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. तांबडा रस्सा निवलेला असला तरी घाम फुटतो, त्याचं कारण हे.

आता 'स्पायसी'. 'स्पाइस' म्हणजे मसाला, तेव्हा 'स्पायसी' म्हणजे मसालेदार, हा शाळेतला अर्थ. तो खोटा नाही, पण रोजच्या बोलण्यात मागं पडला आहे. आज कुणी जेवताना 'टू स्पायसी' म्हणालं, तर त्याला लवंग जास्त झालेली नसते, मिरची लागलेली असते. नुसता मसाला घातलाय आणि तिखटाशी संबंध नाही, असं सांगायचं तर 'स्पाइस्ड' म्हणतात. मसाला चहा हा 'स्पाइस्ड टी'. त्याला 'स्पायसी टी' म्हटलंत तर ऐकणारा कप लांब ठेवेल.

पांढऱ्या रश्शाची गंमत इथंच आहे. मटणाचं अळणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, वर लवंग, दालचिनी, मिरे. मसाला भरपूर, पण लाल चटणीचा थेंब नाही. म्हणजे तो 'स्पाइस्ड' आहे आणि 'स्पायसी' नाही. शिवाय प्यायला घेताना चांगला 'हॉट' हवाच, नाहीतर वर तुपट साय धरते!

मग पाटीवर काय लिहायचं? अशा वेळी मी शब्दाचा उलटा शब्द बघतो. तापमानाच्या 'हॉट'चा उलटा 'कोल्ड', चवीच्या 'हॉट'चा उलटा 'माइल्ड'. इंग्लंडातल्या करी हाउसात हीच मापं चालतात: कोर्मा माइल्ड, मद्रास हॉट, विंदालू त्याच्याही पुढं. तेव्हा पांढऱ्यापुढं 'माइल्ड' लिही म्हटलं.

भाच्यानं मध्येच मोबाइलवर बघून 'ब्लँड' चालेल का विचारलं. अजिबात नको. 'ब्लँड' म्हणजे सपक, मिळमिळीत. ती शिवी झाली, आणि कोल्हापुरात तर दुप्पट. 'माइल्ड'मध्ये उणेपणा नाही. आपल्याकडचं 'सौम्य' मला औषधाच्या बाटलीवरचं वाटतं. 'बेताचं तिखट' हे त्याच्या जवळ जातं.

शब्दकोशात तिखटासमोर हमखास 'पंजंट' सापडतो. शास्त्राच्या पुस्तकात तो बरोबर आहे, पण बोलताना 'पंजंट' बहुतेक वासाला लागतो. लसूण, धूर, असलं नाकात घुसणारं काहीतरी. जेवणाच्या पाटीवर तो लिहिला तर गिऱ्हाईक पुढच्या खानावळीत जाईल. 'शार्प'ही नको, धारेचा असून तो तिखटाच्या वाटेला जात नाही, मुरलेल्या आंबूस चीजला लावतात.

एक राहिलंच. पाटीवर सगळ्यात खाली 'कोल्हापुरी चटनी' असंही आहे. ही चटणी म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, तिखटजाळ. इंग्रजीत गेलेली 'चटनी' मात्र आंब्याची, गोड-आंबट, बरणीतून चमच्यानं काढून चीजबरोबर खायची. तिथं मात्र मी भाच्याला शब्द जपून न वापरता सरळ 'व्हेरी हॉट चिली पावडर मिक्स' लिहायला लावलं. लांबलचक झालं, पेंटरनं चार अक्षरांचे पैसे जादा घेतले. घेऊ देत.