तान्नाला येण्यापूर्वी: जॉन फ्रमबद्दल आपण विचारलेत म्हणून

सप्रेम नमस्कार.

पाणीपुरवठ्याच्या कामासाठी दोन वर्षे वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातील तान्ना बेटावर राहायचे ठरत आहे, सोबत पत्नी आणि आठ वर्षांचा मुलगा असेल, आणि ‘तिथले लोक जॉन फ्रम नावाच्या अमेरिकन सैनिकाला देव मानतात, विमानातून माल येईल म्हणून वाट पाहत बसतात’ असे वाचल्यापासून घरची मंडळी धास्तावली आहेत, असे आपण लिहिले आहे. व्हिसा, लसी आणि तिकिटांची माहिती सरकारी पानांवर मिळेल, ती मी लिहीत नाही. घरच्यांच्या धास्तीबद्दल मात्र लिहायलाच हवे, कारण त्याच गोष्टीपायी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती अजून मनातून जात नाही.

आम्ही मूळचे सांगलीचे. या देशात नऊ वर्षे झाली. पहिली चार तान्नावर लेनाकेलजवळ गेली, पुढची राजधानी पोर्ट व्हिलामध्ये. ‘कार्गो कल्ट’, म्हणजे माल येण्याची वाट पाहणारा पंथ, हे शब्द मी इथे येण्यापूर्वीच शिकले होते; तान्नावरच्या चार वर्षांत ते एकाही शेजारणीच्या तोंडून ऐकले नाहीत. हे शब्द १९४५ साली, पॅसिफिकमधल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या एका मासिकात, पहिल्यांदा छापून आले आणि ते इशारा म्हणून आले: स्थानिकांना फार मोकळीक दिलीत तर असले वेड पसरेल. त्यापूर्वी १९१९ मध्ये पापुआत अशीच एक चळवळ उठली, तेव्हा सरकारी कागदोपत्री तिला सरळ ‘वायलाला वेड’ असे नाव पडले होते.

तान्नावरच्या घटनांचा क्रम आपण नीट लक्षात ठेवावा, कारण सगळा अर्थ त्यात आहे. प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनने बेटावर कावा (एका झाडाच्या मुळापासून केलेले गुंगी आणणारे पेय) पिणे आणि नाचणे बंद केले होते, आणि ते मोडणाऱ्यांना मिशनच्या आधाराने चालणारी न्यायालये शिक्षा देत. १९४० च्या सुमारास ग्रीन पॉइंट भागात जॉन फ्रम नावाचा कोणी रात्री लोकांना भेटतो, कावा प्या, नाचा, आपले कस्तोम म्हणजे आपल्या चालीरीती पुन्हा धरा, असे सांगतो, अशी बातमी पसरली. मे १९४१ मध्ये चर्च ओस पडले. लोकांनी जवळचा पैसा दुकानांत खर्चून टाकला, कारण जॉन स्वतःचे चलन आणणार होता. इंग्रज अधिकाऱ्याने पुढाऱ्यांना पकडून व्हिलाच्या तुरुंगात पाठवले. अमेरिकन सैन्य या बेटांवर उतरले ते त्यानंतर, १९४२ मध्ये. तान्नाचे सुमारे एक हजार पुरुष त्यांच्या तळांवर कामाला गेले आणि तिथे त्यांनी गणवेशातले काळे सैनिक पाहिले. म्हणजे माल पाहून लोक भुलले आणि त्यातून पंथ निघाला, ही गोष्ट तान्नापुरती तरी उलटी आहे. आधी बंदी आली, मग जॉन आला, मग तुरुंग, आणि अमेरिका सर्वांत शेवटी.

अभ्यासकांचे मात्र एकमत नाही. १९५० च्या दशकात पीटर वर्स्ली यांनी या चळवळींकडे वसाहतविरोधी राजकारणाची पहिली पायरी म्हणून पाहिले. आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. लोकमान्यांनी १८९३ मध्ये गणेशोत्सव चौकात आणला, तो केवळ प्रसादासाठी आणला असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. दुसरे काही म्हणतात की मेलानेशियात, म्हणजे पापुआपासून वानुआतूपर्यंतच्या या बेटांवर, वस्तू ही देवाणघेवाणीतून नात्याची खूण असते, म्हणून माल मागणे म्हणजे बरोबरीचे नाते मागणे होय. तान्नावर अनेक वर्षे काम केलेले लॅमॉन्ट लिंडस्ट्रम यांचे म्हणणे मला सर्वांत टोचले: ही गोष्ट बाहेरचे लोक पुन्हा पुन्हा सांगतात ती स्वतःच्या हावेबद्दल. मला वर्स्लींचे पटते, पण पूर्ण नाही, कारण त्यात जॉन केवळ साधन उरतो, आणि माझ्या शेजारणीसाठी तो साधन नव्हता.

ती सत्तरीच्या पुढची होती. १५ फेब्रुवारीला तिने मला इपेकेल गावी जॉन फ्रमच्या उत्सवाला बरोबर नेले. १९५७ मध्ये या चळवळीवरची बंदी उठल्यावर याच तारखेला ध्वज उभारला गेला. यासुर ज्वालामुखीची काळी राख दातांखाली कचकच करत होती. उघड्या छातीवर लाल रंगात ‘यूएसए’ लिहिलेले पुरुष, खांद्यावर टोक लाल रंगवलेले बांबू घेऊन, पाय मिळवून चालत होते. रांगेतल्या एका म्हाताऱ्याचे पाऊल चुकले, तेव्हा मागच्या मुलाने आपले पाऊल त्याच्याशी जुळवून घेतले. शेजारीण म्हणाली, ‘माझे वडील तुरुंगात होते. जॉन सामान द्यायला आला नाही, आमचे आम्हाला परत द्यायला आला.’ परतताना तिच्याच भाच्याने मला सांगितले की सामानही येणार आहे. दोघे एकाच घरात जेवतात.

आता ती चूक. व्हिलात मुलीच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला शिक्षकांनी लाकडी हेडफोन लावून विमानाची वाट पाहणाऱ्या बेटवासीयांची गोष्ट सांगितली. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या एका भाषणात वरून विज्ञानासारख्या दिसणाऱ्या पण विज्ञान नसलेल्या कामासाठी वापरलेला तो दाखला आहे. वर्ग हसला. त्या वर्गात तान्नाच्या इपेकेल गावचा एक मुलगा होता. तो बाकाकडे बघत बसला, हे मुलीने घरी सांगितले तेही हसत हसत. मी शाळेत जाऊन बोलायला हवे होते. पण त्याच आठवड्यात आमच्या निवास परवान्याचे नूतनीकरण अडले होते. नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव आडनावाशिवाय होते म्हणून कागद तीनदा परत आले होते, आणि मुलीसाठी शाळेचे पत्र लागणार होते. मी पत्र घेतले आणि गप्प बसले. मुलीलाही तेव्हा काही सांगितले नाही. पत्र अजून फाइलमध्ये आहे.

आपल्या कामापुरते सांगायचे तर तान्नाला एक गाव समजू नका. चर्चचे लोक, जॉन फ्रमचे लोक, त्यातून फुटून निघालेले प्रॉफेट फ्रेडचे अनुयायी, केवळ कस्तोम पाळणारी गावे, ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांना आपल्यातले मानणारे आणि २०२१ मध्ये त्यांच्यासाठी शोक केलेले याओहनानेन गावचे लोक, हे सर्व एकाच बेटावर आहेत. आपली जलवाहिनी या सर्वांच्या जमिनींतून जाईल, तेव्हा प्रत्येक नकमलात वेगळे जाऊन बसा. नकमल म्हणजे गावाचे बसण्याचे आणि संध्याकाळी कावा पिण्याचे ठिकाण. तिथे मोठ्याने बोलत नाहीत. बायकांना त्या वेळी तिथे जाता येत नाही, हे पत्नीला आधी सांगून ठेवा. एकटेपणाचे विचारले आहे. तो येतो आणि बिस्लामा ही इथली सर्वांची बोली बोलता येऊ लागली की ओसरतो.

मुलासाठी इंग्रजी की फ्रेंच शाळा हे आधी ठरवा, इथे दोन्ही आहेत. आणि पहिल्या फेब्रुवारीत गावाची परवानगी काढून त्याला इपेकेलला घेऊन जा. जाण्यापूर्वी वरचा क्रम त्याला तारखांसह सांगा. बसायला चटई न्यावी लागते, आणि राखेसाठी डोळ्यांवर काहीतरी हवे.