३० दिवसांत ई-व्हेरिफाय राहिलं. तोटा पुढे नेता येईल का?

प्रश्न: मी नोकरी करतो. आकारणी वर्ष २०२४-२५ चं (म्हणजे २०२३-२४ च्या उत्पन्नाचं) प्राप्तिकर विवरणपत्र (आयटीआर-३) २९ जुलै २०२४ ला अपलोड केलं. त्यात एफ अँड ओमधला (शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या व्यवहारांतला) ९,६०,००० रुपयांचा तोटा दाखवला होता. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडल्यानं ओटीपी आला नाही आणि ई-व्हेरिफाय (विवरणपत्राची ऑनलाइन पडताळणी) करायचं राहून गेलं. १० ऑक्टोबरला पोर्टलवर विलंब माफीची विनंती टाकून ते पूर्ण केलं. विनंती मंजूर झाल्याचा मेलही आला. आता २० फेब्रुवारी २०२५ ला इंटिमेशन (विवरणपत्र तपासून खात्यानं पाठवलेलं पत्र) आलं आहे. त्यात ५,००० रुपये विलंब शुल्क लावलंय आणि पुढे न्यायचा तोटा शून्य दाखवलाय. मी तर मुदतीत भरलं होतं, मग असं का? (मामांच्या हार्डवेअरच्या फर्ममध्ये माझी १० टक्के भागीदारी आहे, पण मी तिथलं काम बघत नाही. फर्मची उलाढाल साडेचार कोटींची आहे. नफ्यातला वाटा करमुक्त असल्यामुळे तो विवरणपत्रात दाखवलेला नाही.)

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही कंसात टाकली आहे. निकाल तिथेच लागणार आहे, पण त्याआधी तुमचा एक समज दूर करतो. तोच समज असलेली पत्रं दर वर्षी येतात.

अपलोड करणं म्हणजे विवरणपत्र दाखल करणं नव्हे. १ ऑगस्ट २०२२ पासून पडताळणीची मुदत १२० दिवसांवरून ३० दिवसांवर आली. ३१ मार्च २०२४ च्या अधिसूचनेनं नियम आणखी स्पष्ट केला: अपलोड केल्यापासून ३० दिवसांत पडताळणी झाली तर अपलोडची तारीख हीच दाखल केल्याची तारीख, त्यानंतर झाली तर पडताळणीची तारीख हीच दाखल केल्याची तारीख, आणि उशिराचे सगळे परिणाम लागू. तुमचे ३० दिवस २८ ऑगस्टला संपले. म्हणून कायद्याच्या लेखी तुमचं विवरणपत्र १० ऑक्टोबर २०२४ चं आहे. माफीची विनंती मंजूर झाली म्हणजे विवरणपत्र बाद व्हायचं वाचलं, एवढंच. त्यानं तारीख मागे सरकत नाही. ओटीपी येत नव्हता तर नेट बँकिंग होतं, आधीच प्रमाणित केलेलं बँक किंवा डिमॅट खातं होतं, आणि काहीच नाही तर सही केलेला आयटीआर-व्ही (पडताळणीचा छापील फॉर्म) टपालानं बंगळुरूच्या सीपीसीकडे, म्हणजे विवरणपत्रं तपासणाऱ्या प्राप्तिकर खात्याच्या केंद्राकडे, पाठवता आला असता. एका मार्गावर अडून अडीच महिने घालवायचं काही कारण नव्हतं.

आता कंसातल्या मजकुराकडे. सीपीसीनं तुमची देय तारीख ३१ जुलै धरली आणि १० ऑक्टोबर उशिराची ठरवली. म्हणूनच शुल्क लागलं आणि तोटा गेला. पण ३१ जुलै ही सगळ्यांची तारीख नाही. प्राप्तिकर कायद्यातल्या कलम १३९(१) च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात ३१ ऑक्टोबर ज्यांच्यासाठी आहे त्यांची यादी आहे. त्यात ज्यांच्या स्वतःच्या हिशोबांचं ऑडिट बंधनकारक आहे ते आहेतच, शिवाय ज्या फर्मच्या हिशोबांचं ऑडिट या कायद्यानुसार किंवा दुसऱ्या कुठल्याही कायद्यानुसार बंधनकारक आहे, त्या फर्मचा भागीदारही आहे. पूर्वी तिथे फक्त 'कार्यरत' भागीदार असा उल्लेख होता. २०२० च्या वित्त कायद्यानं तो शब्द काढून टाकला. अजूनही काही सल्लागार जुनंच वाक्य डोक्यात ठेवून काम करतात. तुम्ही दुकानात पाऊल टाकत नसलात तरी चालेल, २०२३-२४ मध्ये भागीदार असलात की पुरे. फर्मचं ऑडिट बंधनकारक असेल तर तुमची देय तारीख ३१ ऑक्टोबर २०२४ होती (त्या वर्षी ती १५ नोव्हेंबरपर्यंत वाढवलीही गेली), आणि १० ऑक्टोबरचं विवरणपत्र पूर्ण मुदतीत आहे. मग तोटाही टिकतो आणि ५,००० रुपयांचं शुल्कही गळून पडतं.

सगळी भिस्त 'बंधनकारक' या शब्दावर आहे. साडेचार कोटी उलाढाल एवढ्यावर उत्तर मिळत नाही. कलम ४४एबी मध्ये धंद्याची मर्यादा एक कोटी आहे. पण वर्षभरात रोखीनं आलेल्या रकमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असतील आणि रोखीनं दिलेल्या रकमाही एकूण खर्ची रकमांच्या ५ टक्क्यांच्या आत असतील, तर ती मर्यादा दहा कोटी होते. दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत, एक जरी मोडली तरी मर्यादा पुन्हा एक कोटीच. अकाउंट पेयी नसलेला चेक किंवा ड्राफ्ट या हिशोबात रोखच धरतात. हार्डवेअरच्या किरकोळ विक्रीत रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर असण्याची शक्यता चांगली आहे, पण शक्यतेवर अपील उभं राहत नाही. फर्मच्या सीएकडून त्या वर्षाचा फॉर्म ३सीडी (ऑडिट अहवालासोबतचा तपशिलाचा फॉर्म) मागवा आणि त्यातला खंड ८ उघडा. कलम ४४एबीच्या कोणत्या उपकलमाखाली ऑडिट झालं ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे '४४एबी(ए)' आणि उलाढाल मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं नमूद असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ऑडिट बँकेनं कॅश क्रेडिटसाठी मागितलं म्हणून झालं असेल किंवा मामांनी हौसेनं करून घेतलं असेल, तर ते बंधनकारक ठरत नाही आणि तारीख ३१ जुलैच राहते.

बाकी कागद: ३सीबी-३सीडीची (ऑडिट अहवाल आणि तपशील) पोर्टलवरची पोच, फर्मच्या आयटीआर-५ ची (फर्मच्या विवरणपत्राची) पोच, आणि ज्यात तुमचं नाव व भागीदार झाल्याची तारीख आहे तो भागीदारी करारनामा.

सीपीसीला हे का दिसलं नाही? आयटीआर-३ मध्ये 'शेड्यूल आयएफ' नावाचा तक्ता आहे. फर्मचं नाव, पॅन, नफ्यातला वाटा, भांडवल आणि 'फर्म ऑडिटला पात्र आहे का, हो की नाही' एवढंच त्यात भरायचं असतं. तुम्ही ते रिकामं सोडलंत. 'वाटा करमुक्त आहे म्हणून दाखवला नाही' हे कारण टिकत नाही. करमुक्त उत्पन्नाला वेगळं शेड्यूल आहे, तिथे ते जायला हवं होतं. कर लागत नाही आणि सांगायचं नाही, या दोन गोष्टी एक नाहीत. 'हो' एवढं एक उत्तर भरलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ कदाचित आली नसती. सुधारित विवरणपत्राची मुदतही (वाढवल्यानंतरची) १५ जानेवारी २०२५ ला संपली आहे.

म्हणून आता मुख्य दरवाजे दोन, रेक्टिफिकेशन (चूक दुरुस्तीचा अर्ज) आणि अपील. इथे बहुतेक जण दुसरी चूक करतात. कलम १५४ खालच्या रेक्टिफिकेशनला चार वर्षं आहेत. तुमच्या बाबतीत ३१ मार्च २०२९ पर्यंत. अर्ज ऑनलाइन आहे, फी नाही, म्हणून लोक तो टाकतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. त्या अर्जावर निर्णय द्यायला खात्याला अर्ज मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिने आहेत. अपिलाला मात्र इंटिमेशन मिळाल्यापासून फक्त ३० दिवस. रेक्टिफिकेशन टाकल्यानं ते ३० दिवस थांबत नाहीत. तुमचं पत्र ७ मार्च २०२५ चं आहे, म्हणजे अर्धी मुदत तुम्ही विचारात घालवली. २० फेब्रुवारीपासून मोजलं तर शेवटचा दिवस २२ मार्च २०२५, शनिवार. ऑनलाइन दाखल करायचं असल्यानं सोमवारवर ढकलू नका.

रेक्टिफिकेशनमध्ये काय होईल हे मी ठामपणे सांगणार नाही. 'नोंदीवरून उघड दिसणारी चूक' असेल तरच ते चालतं. फर्मचा ऑडिट अहवाल खात्याच्याच नोंदीत आहे असा युक्तिवाद करता येतो, पण तुमच्या विवरणपत्रात फर्मचा पत्ताच नाही, असं उत्तर येऊ शकतं. म्हणून अर्ज टाका, पण त्यावर विसंबू नका. अपील फॉर्म ३५ मध्ये करायचं. निर्धारित उत्पन्न दोन लाखांच्या वर असेल तर फी १,००० रुपये. दाखवलेल्या उत्पन्नावरचा कर आधी भरलेला असला पाहिजे, नाहीतर अपील दाखलच करून घेत नाहीत. हकीकत १,००० शब्दांत आणि प्रत्येक मुद्दा १०० शब्दांत मांडायचा असतो. पहिला मुद्दा देय तारखेचा: कलम १३९(१), दुसरं स्पष्टीकरण, ऑडिट बंधनकारक असलेल्या फर्मचा भागीदार. दुसरा, म्हणून कलम ८० ची (मुदतीनंतरच्या विवरणपत्रातला धंद्याचा तोटा पुढे न नेण्याची) आडकाठी लागत नाही. तिसरा, म्हणून कलम २३४एफचं विलंब शुल्क नाही. ओटीपी आणि बंद नंबरची कहाणी या अपिलात लांबण लावून सांगू नका. तुमचा दावा उशीर माफ करा असा नाही, उशीर झालाच नाही असा आहे. दोन्ही एकात मिसळले की 'उशीर झालाच नाही' हा दावा कमकुवत होतो.

निकालाची घाई करून उपयोग नाही. पहिलं अपील दाखल झालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून एका वर्षात 'शक्य असल्यास' निकाली काढावं असं कायदा म्हणतो, आणि त्या 'शक्य असल्यास'च्या आड किती अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. करदात्याला एक दिवसाचा उशीर महागात पडतो आणि निकाल देणाऱ्यावर मुदतीचं बंधन नाही, हे अन्यायाचंच आहे. पण त्यावर आज तुमचं काम अडत नाही. येत्या विवरणपत्रात तोट्याच्या शेड्यूलमध्ये हे ९,६०,००० दाखवत राहा. तिथे विवरणपत्र दाखल केल्याची तारीख विचारतात, ती १०/१०/२०२४ लिहा. २९ जुलै लिहिलीत तर खोटी माहिती होईल. पुढच्या वर्षी धंद्याच्या उत्पन्नातून हा तोटा वजा केलात आणि सीपीसीनं तो नाकारायचं ठरवलं, तर आधी तशी सूचना येईल आणि उत्तराला ३० दिवस मिळतील. ती मेल जुन्या, न उघडणाऱ्या पत्त्यावर जाऊ देऊ नका. पोर्टलवरचा मोबाइल आणि मेल आजच बदला. तोटा आकारणी वर्ष २०३२-३३ पर्यंत वापरता येतो, तोही फक्त धंद्याच्या उत्पन्नातून. पगारातून तो कधीच वजा होणार नाही.

फर्मचं ऑडिट बंधनकारक नसेल तर वरचं सगळं अपील निरर्थक आहे. मग कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफी. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक क्र. ११ नुसार एक कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय घेतात. आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत, म्हणजे ३१ मार्च २०३० पर्यंत अर्ज करता येतो. पोर्टलवर तुम्ही केलेली विनंती ती ही नव्हे. यात 'खरीखुरी अडचण' सिद्ध करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयानं या शब्दांचा अर्थ उदारपणे लावावा असं म्हटलं आहे, ते तुमच्या उपयोगाचं. मोबाइल कंपनीचं नंबर बंद झाल्याचं पत्र आणि आधारवर नवा नंबर टाकल्याची पावती जोडा. पण पडताळणीचे बाकीचे मार्ग का वापरले नाहीत, या प्रश्नाला तुमच्याकडे चांगलं उत्तर हवं, आणि पत्रात मला ते दिसलं नाही. 'थोडाच उशीर आहे, तांत्रिक आहे' हा सूरही लावू नका. तोटा पुढे नेण्याच्याच एका वादात, विप्रोच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये कलम १०बी(८) खालचं, करसवलत नको असल्याचं निवेदन मुदतीत देणं सक्तीचं ठरवलं.

याच धर्तीची पत्रं पाठवणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. सगळ्या मुदती एका पारड्यातल्या नाहीत. टीडीएस ७ तारखेला भरायचा राहिला तर व्याज लागतं, टीडीएसचं तिमाही विवरण उशिरा दिलं तर दिवसाला २०० रुपये जातात, जीएसटीआर-३बी (जीएसटीचं मासिक विवरण) २० तारखेनंतर भरलं तर शुल्क आणि व्याज. पैसे जातात, प्रकरण मिटतं. पण काही तारखांनंतर हक्कच संपतो: कलम ८० मधला धंद्याचा आणि भांडवली तोटा, जीएसटीत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत न घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट), आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराचा जुन्या करप्रणालीचा पर्याय. हा शेवटचा पर्याय मुदतीत दाखल केलेल्या विवरणपत्रातच घेता येतो, त्यामुळे पडताळणी लांबली की ८०सीची गुंतवणुकीवरची वजावट, घरभाडे भत्त्याची सूट सगळं जातं आणि वर कराची मागणी येते. घराच्या कर्जाच्या व्याजाचा तोटा आणि न वापरलेला घसारा मात्र उशिरानं मरत नाही. कलम ८० मध्ये त्यांचा उल्लेख नाही. यादी करताना या हक्क संपवणाऱ्या तारखा वेगळ्या लिहा. आणि विवरणपत्रापुढे 'झालं' अशी खूण करण्याआधी हातातल्या कागदाचं शीर्षक वाचा: त्यावर 'व्हेरिफिकेशन फॉर्म' छापलं असेल तर काम बाकी आहे, 'अॅक्नॉलेजमेंट' असेल तरच झालं.

तुमच्यासाठी क्रम असा: उद्या ३सीडीचा खंड ८, आणि तो अनुकूल असेल तर १८ मार्चपर्यंत फॉर्म ३५. शेवटचे चार दिवस पोर्टल बंद पडलं, डिजिटल सही चालली नाही, फीचं चलन जुळलं नाही, यासाठी मोकळे ठेवा.